धरलेला मासा आणि पाण्यातले वाटेकरी

आपला भंडारा जिल्हा म्हणजे तळ्यांचा जिल्हा. कोहळी लोकांनी जुन्या काळी बांधलेले तलाव गावोगावी आहेत. त्यांना आपण मालगुजारी तलाव म्हणतो. जिल्ह्यातून वैनगंगा वाहते. पवनी तालुक्यात तिच्यावर गोसीखुर्दचे मोठे धरण आहे. त्याची पायाभरणी १९८८ साली झाली. आता तिथे दूरवर पाणी साचते. या सगळ्या पाण्यावर ढीवर बांधवांची कितीतरी घरे जगतात. पुरुष डोंगा घेऊन पाण्यात जातात. बाया डोक्यावर टोपले घेऊन बाजारात जातात.

मासा धरावा कसा, हे ढीवराला कोणी शिकवायला नको. मी तर शाळामास्तर. मी जाळे फेकले तर ते माझ्याच पायात गुंतेल. पण धरलेला मासा घरी आणीपर्यंत जपावा कसा, हा विचार मात्र आपण मिळून करू या. कारण तिथेच आपला पैसा पाण्यात जातो.

एका सकाळचा हिशेब

उन्हाळ्याचे दिवस होते. माझा एक जुना विद्यार्थी दुपारी घरी आला. तोंड उतरलेले होते.

"गुरुजी, मासा तं आजचाच होता. मंग भाव काऊन अर्धा भेटला?"

मी म्हटले, "बस बापू. पाणी पी. मग नीट सांग."

तो म्हणाला, "पानमांजरं लय माजले गुरुजी. जाळ्यातले पाच रोहू फाडून टाकले. आता मी मासोळीत जहर भरूनच ठेवतो."

मी त्याला विचारले, "जाळे केव्हा लावले?"

"काल सांजी."

"काढले केव्हा?"

"आज आठ-नऊ वाजता. ऊन चढलं होतं."

"मासे कुठे ठेवले?"

"डोंग्याच्या तळाला. दोन-चाराचं पोट तिथंच साफ केलं. घाण पाण्यात टाकली."

"बाजारात केव्हा पोचलास?"

"बारा वाजले."

मी पाटी घेतली. जाळ्यात वीस रोहू लागले होते. सगळे सारखे धरू. पाच पाणमांजरांनी खाल्ले. उरले पंधरा. ते अर्ध्या भावाने गेले. म्हणजे साडेसात माशांचे पैसे बुडाले.

मी म्हटले, "बघ बापू. पाणमांजरांनी पाच नेले. उशिराने साडेसात नेले. मोठा चोर कोण?"

तो गप्प झाला.

मासा नासतो कशाने?

मासा जिवंत असतो तेव्हा त्याचे शरीर जंतूंना दाबून ठेवते. हे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ते माशाच्या अंगावरच्या चिकट बुळबुळीत असतात, कल्ल्यात असतात आणि आतड्यात असतात. मासा मेला की त्यांना अडवणारे कोणी राहत नाही. ते मांसात शिरतात. ऊन जितके जास्त, तितके ते भराभर वाढतात. माशाच्या पोटात अन्न पचवणारा रस असतो, तोही उलटतो आणि पोटच खाऊ लागतो. म्हणून उन्हात पडलेल्या माशाचे पोट आधी फुटते.

जाळ्यात अडकलेला मासा सुटायला धडपडतो. त्यात त्याच्या अंगातली ताकद संपते. असा थकून मेलेला मासा लवकर ताठतो आणि लवकर मऊ पडतो. तो रात्रभर कोमट पाण्यात लटकला तर सकाळी हाती येतो तेव्हाच अर्धा शिळा झालेला असतो. आपण म्हणतो, मासा आजचा आहे. पण तो मेला काल रात्री.

गिऱ्हाईक हे ओळखते. ताज्या माशाचा डोळा फुगीर आणि चकचकीत असतो. कल्ला लाल असतो. बोटाने दाबले तर मांस पुन्हा वर येते. शिळ्या माशाचा डोळा खोल जातो, कल्ला मातकट होतो आणि बोटाचा खड्डा तसाच राहतो.

वाटेकरी येतात कशाने?

पाण्यात आपण एकटे नाही. पाणमांजर आहे, कासव आहे, पाणदिवड आहे. वर घारी आणि पाणकावळे आहेत. या सगळ्यांचे पोट माशांवर चालते. जाळ्यात धडपडणारा मासा म्हणजे त्यांना वाढलेले ताटच. पळून जाणारा मासा धरायला मेहनत लागते. अडकलेला धरायला लागत नाही. जाळे जितका वेळ पाण्यात, तितका वेळ हे ताट वाढलेले.

त्यात आपण आतडी आणि रक्त डोंग्याच्या बाजूलाच टाकतो. मग वास पसरतो. आज पोट भरले ती जागा जनावर विसरत नाही. उद्या ते पुन्हा येते. म्हणजे बोलावणे आपणच धाडतो आणि पाहुणा आला की काठी उचलतो.

हे दुखणे आपल्याच गावचे नाही. दूर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रात सॅमन नावाचा मोठा मासा धरतात. तिथे सील आणि जलसिंह ही समुद्रातली जनावरे गळाला लागलेला मासा अर्धा तोडून नेतात. तिथल्या कायद्याप्रमाणे मच्छीमाराला त्यांना मारता येत नाही. तो कायदा १९७२ सालचा आहे. मग चांगला मच्छीमार काय करतो? मासा चटकन बोटीवर ओढतो. लगेच कल्ल्याजवळ कापून रक्त काढतो, धुतो आणि बर्फात ठेवतो. त्याचाही सारा भर घाईवर आहे.

मग करावे काय?

निघण्याआधी डोंगा घासून धुवा. तळाला बांबूची चटई टाका, म्हणजे मासा घाण पाण्यात लोळणार नाही.

जाळे रात्रभर सोडून घरी जाऊ नका. रात्री एकदा तरी फेरी मारा. तांबडे फुटण्याआधी जाळे काढा. जाळ्यावर माणसाची ये-जा असली, डोंग्यावर काठीने ठकठक झाली, की पाणमांजर सहसा जवळ येत नाही.

मोठा मासा हाती आला की डोक्यावर एक नेमका घाव घालून मारा. तो धडपडत राहिला तर मांस खराब होते. मग स्वच्छ पाण्याने धुवा. मरळ मात्र मारू नका. ती हवेतही श्वास घेते. ओल्या टोपल्यात, पाणी शिंपडत ठेवली तर बाजारापर्यंत जिवंत जाते आणि जास्त भाव आणते.

मासा सावलीत ठेवा. वर पळसाची पाने आणि ओले गोणपाट घाला. गोणपाट वाळू देऊ नका. ओले कापड माठासारखा गारवा देते. झाकलेल्या माशावर घारही झडप घालत नाही.

बर्फ मिळाला तर फारच चांगले. उन्हाळ्यात दहा किलो माशाला दहा किलो बर्फ धरा. बर्फ बारीक फोडा. पेटीत एक थर बर्फाचा, एक थर माशांचा, वर पुन्हा बर्फ. खाली भोक ठेवा, म्हणजे वितळलेले पाणी निघून जाईल. पेटीभोवती धानाचे तणस दाबले तर बर्फ जास्त वेळ टिकतो. माझा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, बर्फाले पैसा लागते." खरे आहे. म्हणून चौघांनी मिळून एक पेटी करावी. मच्छीमार सोसायटी असेल तर तिथे हा विषय काढावा.

पोट साफ करायचे ते काठावर. घाण पाण्यात टाकू नका. काठापासून दूर खड्डा करून पुरा. त्याचे खत होते.

कासव जाळ्यात अडकले तर घाई करू नका. मऊ पाठीचे कासव मान लांबवून चावते. त्याला मागच्या बाजूने धरा. दोन दोरे कापावे लागले तरी कापा आणि सोडून द्या. पाणदिवड विषारी नाही, पण चावते. तिला काठीने बाजूला करा. ज्या पाण्यात मगर दिसल्याचे ऐकले असेल, तिथे अंधारात पाण्यात पाय घालून मासे धुऊ नका.

जहर मुळीच नको

आता जहराची गोष्ट. जहर भरलेला मासा पाणमांजरच खाईल, असे कोण सांगेल? तो गावचे कुत्रे खाईल, घार खाईल. एखादे पोर तो काठावरून उचलून घरी नेईल. त्याच तळ्यावर गुरे पाणी पितात. त्याच तळ्याचे मासे आपण विकतो. "या तळ्याचा मासा जहरी" असे एकदा बाजारात झाले तर वर्षभर चूल पेटणार नाही.

शिवाय तो गुन्हा आहे. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा आहे. तोही १९७२ सालचाच. पाणमांजर मारणे, मऊ पाठीचे कासव धरणे किंवा विकणे याला त्यात शिक्षा आहे.

आणि पाणमांजर काही नुसते वैरी नाही. बांगलादेशात सुंदरबनाच्या बाजूला काही मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या पाणमांजरे पाळत आले. त्यांना दोरी बांधून पाण्यात सोडतात. ती मासे हाकत जाळ्याकडे आणतात. असे लोक आता थोडे उरले आहेत. पण जनावर तेच. तिथे ते कामाला जोडीदार, इथे आपण त्याला जहर घालायला निघालो.

माझ्या विद्यार्थ्याने जहर घातले नाही. पुढच्या खेपेला तो पहाटेच जाळे काढून आला. मासे ओल्या गोणपाटात होते. म्हणाला, "गुरुजी, पानमांजरानं दोन नेलेच. पण बाकीच्याले पूरा भाव भेटला."

मी म्हटले, "दोन त्याचे, बाकी तुझे. पाणी दोघांचेही आहे."

लक्षात ठेवा

जाळे लवकर काढा.
मासा धुवा, झाका, गार ठेवा.
घाण काठावर पुरा.
पाण्यात जहर कधीही घालू नका.
पाणमांजर थोडे नेते. उशीर फार नेतो.