सर्जन आठवडाभराचा, राखण वर्षभराची

अकोल्याच्या जठारपेठेत आजारी माणसाला पायी दवाखान्यापर्यंत नेता येतं. याच अकोल्यातून अकोट, अंजनगाव करत परतवाडा गाठा. तिथून घाट चढून सेमाडोह, हरिसाल मागे टाकत धारणीला पोचा. जिल्हा अमरावती, वऱ्हाडातलाच. पण इथल्या कोरकू आदिवासींच्या एखाद्या ढाण्यावरून, म्हणजे पाड्यावरून, मोठ्या शहरातल्या प्लास्टिक सर्जनपर्यंत पोचायचं, तर घरातल्या कर्त्या माणसाची कित्येक दिवसांची मजुरी बुडते. म्हणून धारणीजवळच्या उतावलीत सर्जनच रोग्याकडे येतात, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

उतावलीत 'महान' संस्थेचं महात्मा गांधी आदिवासी रुग्णालय आहे. डॉ. आशिष सातव आणि नेत्रतज्ज्ञ डॉ. कविता सातव या दांपत्यानं गेल्या शतकाच्या अखेरीस इथं काम सुरू केलं, तेव्हा दवाखाना झोपडीत होता. आता इथं प्लास्टिक सर्जरीची शिबिरं भरतात. ऑस्ट्रेलियात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉ. दिलीप गहाणकरी यांच्यासारखे सर्जन त्यासाठी येतात. समोर असतात दुभंगलेल्या ओठांची मुलं, अस्वलानं चेहरा फाडलेली माणसं आणि भाजून हात-मान आखडलेले रोगी.

भाजलेल्या हाताचंच बघा. थंडीत चुलीशी झोपलेलं किंवा रांगत तिच्याशी गेलेलं मूल भाजतं. जखम मिटवायला शरीर कामाला लागतं. त्यातल्या काही पेशी स्नायूंसारख्या आकसतात आणि जखमेच्या कडा जवळ ओढतात. हे बळ नसतं, तर मोठी जखम भरून यायला फार वेळ लागला असता. पण जखम सांध्यावर असली, की तेच बळ कोपर दुमडून ठेवतं, बोटं तळव्याकडे ओढतं. जखम बरी होते आणि हात निकामी होतो.

आता सर्जन काय करतो? आखडलेला व्रण ताठ दोरीसारखा वर आलेला असतो. सर्जन त्याच्यावरून उभा छेद देतो. छेदाच्या दोन टोकांकडून, विरुद्ध बाजूंना, साठ अंशांत आणखी दोन छेद देतो. कातडीचे दोन त्रिकोण सुटतात. त्यांची अदलाबदल करून टाके घालतो. बाहेरून कातडीचा तुकडाही आणलेला नसतो, तरी त्या दिशेची लांबी भूमितीच्या हिशेबानं ७५ टक्क्यांनी वाढते! रुंदीतली कातडी लांबीला मिळते आणि कोपर उघडतं. व्रण फार पसरलेला असेल, तर मांडीची कातडी आणून लावावी लागते.

अंगचीच कातडी हलवण्याची ही विद्या आपल्याला परकी नाही. नाक कापलेल्या एका मराठी गाडीवानाला पुण्याकडच्या एका देशी वैद्यानं कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं होतं. त्याची हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली. ती वाचून जोसेफ कार्पू या इंग्रज सर्जननं १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि विद्या युरोपात पसरली. रोग्याकडे जाणारे सर्जनही नवे नाहीत. १९५७ साली मायकेल वुड, आर्चिबाल्ड मॅकिंडो आणि टॉम रीस यांनी पूर्व आफ्रिकेत विमानानं खेड्यापाड्यांत जाणारी डॉक्टरांची सेवा उभी केली. तिघेही प्लास्टिक सर्जनच!

पण विमानानं किंवा मोटारीनं आलेला सर्जन काही दिवसांनी परततो. दुभंगलेला ओठ शिवायला तासाभराच्या आसपास लागतो. त्याआधी मूल तयार असावं लागतं. सर्जन मंडळींचा जुना दहाचा आडाखा आहे : वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा. टाळूही दुभंगलेली असेल, तर बाळाला अंगावरचं दूध नीट ओढता येत नाही. कुपोषणाच्या मुलखात त्याचं वजन वाढवायचं, तर आईला वाटी-चमच्यानं पाजायला शिकवणारी गावातली बाई हवी. आदिवासी भागात सिकलसेल असतो. भूल देण्याआधी त्याची तपासणी झाली नाही, तर जिवावर बेतू शकतं. मोकळ्या केलेल्या हाताला पुढे कित्येक महिने पट्टी आणि रोजचा व्यायाम लागतो, नाहीतर व्रण पुन्हा आखडतो.

२०१५ साली 'लॅन्सेट'च्या आयोगानं सांगितलं, की जगातल्या पाच अब्ज माणसांना गरजेच्या वेळी सुरक्षित, परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत तर दहातल्या नऊ जणांची ही गत. पाहुणे सर्जन कितीही आले, तरी एवढा आकडा भरून निघायचा नाही. हे ओळखून पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सर्जनांनी आधीच, १९९९ मध्ये, एकत्र येऊन सर्जनांचं महाविद्यालय काढलं. एका इमारतीत न बसता ते निरनिराळ्या देशांतल्या रुग्णालयांतूनच स्थानिक डॉक्टरांना सर्जन म्हणून घडवतं.

उतावलीतही तेच सूत्र दिसतं. बाहेरचा हात येतो तो तिथं मुक्कामाला असलेल्या माणसांच्या भरवशावर. तेव्हा अकोला-अमरावतीतल्या ज्या डॉक्टरांना शिबिराला जावंसं वाटतं, त्यांनी जरूर जावं. जाताना मात्र तिथल्या नर्सला आणि गावातल्या आरोग्यसेविकेला शेजारी उभं करून शिकवावं, आणि पुढच्या वर्षी त्याच गावी परत जावं. आपल्यापैकी ज्यांना सुरी धरता येत नाही, त्यांनी त्या आरोग्यसेविकेच्या पगाराची सोय करावी. मोकळं झालेलं कोपर मोकळंच राहतं ते तिच्यामुळे.