रोजची 'ती' गोळी सोडताना...

रात्रीची जेवणे आटोपतात. ओटा पुसून होतो, दुधाला विरजण लागते, दाराला कडी बसते. आणि मग फ्रिजवरच्या डब्यातून ती छोटीशी गोळी बाहेर निघते. कधीकाळी घरात एखादा मृत्यू झाला तेव्हा, किंवा मुलीच्या लग्नाच्या काळजीने झोप उडाली तेव्हा, डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली. पंधरा दिवसांची दहा वर्षे कधी झाली, हे कुणाच्या लक्षातही आलेले नसते.

मग एक दिवस कुणीतरी सांगते, या गोळीने विसराळूपणा वाढतो. आई ठरवते, उद्यापासून बंद! पहिली रात्र टक्क जागून जाते. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, छाती धडधडते, स्वयंपाकघरात वाटी पडली तरी डोक्यात घण बसल्यासारखे होते. तिसऱ्या रात्री घरचेच म्हणतात, "बघ, तुझा आजार अजून गेलेला नाही. घे बाई ती गोळी." गोळी पोटात जाते, थोड्या वेळात सारे शांत होते. गोळीवाचून आपले चालणार नाही, अशी सगळ्यांची खात्री पटते.

असे प्रसंग अनेक घरांत घडतात आणि बहुतेक वेळा सर्वांचा एकच गैरसमज होतो. दोन-तीन दिवसांत असे उसळून वर येते, तो सहसा जुना आजार नसतो. गोळी एकदम तोडल्याचा तो परिणाम असतो. हा फरक कळला नाही, म्हणून कितीतरी माणसे आयुष्यभर त्या डब्याशी बांधली जातात. तो कळला आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली बेताबेताने पायऱ्या उतरल्या, तर पुष्कळांची यातून सुटका होते.

प्रयोगशाळेच्या आवराआवरीतून

मनाची घालमेल आणि निद्रानाश यांवर दिल्या जाणाऱ्या या गोळ्यांच्या कुळाला बेन्झोडायझेपीन म्हणतात. डायझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम ही त्यातली परिचित नावे. या कुळाचा जन्म मोठा मजेशीर आहे. अमेरिकेत रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख हे रसायनशास्त्रज्ञ नव्या औषधाच्या शोधात होते. बरीच संयुगे तयार झाली, पण हाती काही लागेना. काम बाजूला पडले. १९५७ मध्ये प्रयोगशाळेची आवराआवर करताना एका सहकाऱ्याला एक न तपासलेले संयुग सापडले. त्यातूनच १९६० मध्ये लिब्रियम बाजारात आले आणि १९६३ मध्ये व्हॅलियम, म्हणजेच डायझेपाम. आपल्याकडे साठच्या दशकाच्या अखेरीस 'काम्पोज' आली आणि ते नाव घराघरांत पोहोचले.

त्याआधी झोपेसाठी बार्बिट्युरेट गटाची औषधे दिली जात. ती थोडी जास्त झाली तरी जिवावर बेतायचे. त्यांच्या तुलनेत या नव्या गोळ्या कितीतरी सुरक्षित होत्या. डॉक्टरांनी त्यांचे मनापासून स्वागत केले, यात नवल नाही. आजही तीव्र भीतीचा झटका, फिट, शस्त्रक्रियेपूर्वीची अस्वस्थता अशा वेळी त्यांचा मोठा उपयोग होतो. दोष गोळीचा कमी आणि वर्षानुवर्षे चालू राहिलेल्या जुन्या चिठ्ठीचा जास्त.

धोक्याची घंटा तशी लवकरच वाजली होती. १९६१ मध्ये अमेरिकेतील डॉ. लिओ हॉलिस्टर यांनी लिब्रियमचे मोठे डोस कित्येक महिने घेणाऱ्या ११ रुग्णांचे औषध एकदम थांबवून पाहिले. त्यांपैकी १० जणांना त्रास झाला आणि दोघांना फिट आल्या. मात्र साध्या, नेहमीच्या डोसवरही शरीर अवलंबून राहू शकते, हे मान्य व्हायला आणखी वीस वर्षे जावी लागली. अखेर १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपुरत्याच द्याव्यात, असे डॉक्टरांना कळवले.

मेंदूचा ब्रेक

असे का होते? आपल्या मेंदूत 'गाबा' नावाचे एक रसायन असते. त्याचे काम मोटारीच्या ब्रेकसारखे. मज्जापेशींची धावपळ ते आवरते. ही गोळी त्या ब्रेकवर आणखी जोर देते, म्हणून मन निवते आणि झोप लागते. पण रोज बाहेरून जोर मिळू लागला की मेंदू आपल्या बाजूने ढिला पडतो. तोच डोस पूर्वीसारखा लागू पडत नाही. अशा वेळी गोळी अचानक काढून घेतली, तर गाडी उतारावर आणि ब्रेक निकामी, अशी स्थिती होते.

मग झोप उडते. घाम फुटतो, हात कापतात, स्नायू आखडतात, अंगाला मुंग्या येतात. उजेड आणि आवाज सहन होत नाही. आजूबाजूचे जग खोटे वाटू लागते. काहींना भास होतात, फिट येतात, आणि तेव्हा प्रश्न जिवाचा असतो. अल्प्राझोलाम किंवा लोराझेपामसारख्या लवकर उतरणाऱ्या गोळीचा हा त्रास एक-दोन दिवसांत जाणवतो. शरीरात रेंगाळणाऱ्या डायझेपामचा आठवडाभरानेही सुरू होऊ शकतो. तोवर 'सुटलो' असे वाटलेला माणूस गोंधळून जातो.

एकदम तोडल्यास काय घडते, हे महाराष्ट्राच्या शेजारीच दिसले. नांदेडला लागून असलेल्या तेलंगणाच्या निझामाबाद भागात ताडीत अल्प्राझोलाम आणि डायझेपामची भेसळ होत असे. २०१५ मध्ये या भेसळीवर कडक कारवाई झाली. ताडी पिणाऱ्यांना ही औषधे मिळेनाशी झाली आणि थरथर, भास, फिट यांनी हैराण झालेल्या माणसांची रुग्णालयांत रीघ लागली. आपण गोळीवर अवलंबून आहोत, हे त्यातल्या अनेकांना ठाऊकही नव्हते.

डेहराडूनची मुलगी, न्यूकॅसलची डॉक्टर

या रुग्णांचे दुखणे ज्यांनी सर्वांत लक्षपूर्वक ऐकले, त्या डॉ. हेदर ॲश्टन यांचा जन्म १९२९ मध्ये डेहराडूनचा. वडील हॅरी चॅम्पियन हे वनखात्यातील अधिकारी. भारतातील जंगलांचे त्यांनी केलेले वर्गीकरण आजही वनशास्त्राच्या अभ्यासात येते. मुलगी पुढे इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे औषधशास्त्राची प्राध्यापिका झाली. तेथे १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे तिने खास या गोळ्या सोडू पाहणाऱ्यांसाठी दवाखाना चालवला. सुमारे ३०० रुग्ण तपासले.

'तुमचा जुना आजार उलटला' असे सांगून त्यांना परत पाठवण्याऐवजी ॲश्टनबाईंनी त्यांच्याकडूनच शिकून घेतले. प्रत्येकाचा वेग वेगळा, हे त्यातले पहिले सूत्र. या अनुभवावर त्यांनी १९९९ मध्ये एक मार्गदर्शिका लिहिली. ती जगभर पोहोचली. २०१९ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

उतरायचे कसे?

त्यांचा सल्ला थोडक्यात असा: दर एक-दोन आठवड्यांनी चालू डोसच्या साधारण दहाव्या हिश्शाने कमी करावे. २०२५ मध्ये अमेरिकेतील अनेक वैद्यकीय संघटनांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, तीही याच वाटेने जातात. सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक कधीच नाही. वर्षानुवर्षांची गोळी सुटायला कित्येक महिने, कधी वर्षही लागते.

हा हिशेब मात्र घरी बसून करायचा नाही. लवकर उतरणाऱ्या गोळीऐवजी आधी डायझेपाम द्यायचे का, हे डॉक्टरच ठरवतील. फिटचा जुना त्रास असलेले, गरोदर स्त्रिया, वृद्ध, तसेच दारू किंवा अफूवर्गीय वेदनाशामके घेणारे यांनी तर स्वतःहून एक चतकोरही कमी करू नये. क्लोनाझेपामसारखी गोळी फिटसाठीच चालू असेल, तर तिचा विचारच वेगळा.

एखाद्या टप्प्यावर त्रास वाढला, तर डॉक्टरांना विचारून त्याच डोसवर काही दिवस थांबता येते. जिना उतरताना दम लागला म्हणून कुणी पुन्हा वरच्या मजल्यावर जात नाही. पायरीवर टेकतो आणि पुढे निघतो. हेही तसेच.

नव्याने आलेला त्रास की जुना आजार, हे ओळखण्याची एक खूण आहे. डोस कमी केल्यावर काही दिवसांतच सुरू झालेला, मुंग्या किंवा आवाजाचा जाच अशी पूर्वी कधी नसलेली लक्षणे घेऊन आलेला त्रास बहुधा गोळी सुटण्याचा असतो. तो हळूहळू ओसरतो. जुनी चिंता सावकाश परतते आणि मुक्काम ठोकते. तिच्यावर वेगळे उपचार असतात. निवाडा अर्थात डॉक्टरांचा.

झोपेचेही शिक्षण घेता येते. रोज ठरलेल्या वेळी उठणे, दुपारी न झोपणे, संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळणे, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न राहता उठून बसणे अशा सवयी तज्ज्ञ पद्धतशीर शिकवतात. कॅनडातील क्वेबेक प्रांतात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुसता डोस कमी करणाऱ्यांपैकी ३८ टक्के लोकांची गोळी सुटली. त्याबरोबर असे शिक्षण घेणाऱ्यांत हे प्रमाण ७७ टक्के होते.

घरच्यांचे काम

वयस्कर माणसांच्या बाबतीत घाई नको, पण चालढकलही नको. या गोळ्यांमुळे रात्री तोल जाऊन पडण्याचा, खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. आणि गोळी सोडण्याचे वय उलटून गेले, असे काही नसते. कॅनडातच ६५ वर्षांवरील लोकांना या गोळ्यांची माहिती देणारी एक छोटी पुस्तिका वाटली गेली. त्या २०१४ च्या अभ्यासात पुस्तिका वाचणाऱ्यांपैकी २७ टक्के लोकांनी सहा महिन्यांत गोळी सोडली. ज्यांना ती दिली नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण ५ टक्केच होते. समजावून सांगण्याचे बळ एवढे असते.

घरच्यांनी पहिली गोष्ट करायची ती म्हणजे 'व्यसनी' हा शब्द उच्चारायचा नाही. मालेगावसारख्या ठिकाणी अल्प्राझोलाम 'कुत्ता गोळी' या नावाने नशेसाठी विकले जाते, हे खरे. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीने, सांगितल्याप्रमाणे गोळी घेत आलेली आई नशा करत नसते. तिचे शरीर गोळीला सरावलेले असते, इतकेच. दुसरे म्हणजे, या दिवसांतला चिडचिडेपणा मनाला लावून घ्यायचा नाही. तिसरे म्हणजे डब्बा लपवायचा नाही आणि गोळ्या फेकूनही द्यायच्या नाहीत. एका वहीत तारीख, डोस आणि झोपेचे तास लिहून ठेवावेत. पुढच्या खेपेला डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. फिट, भास किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा दिसली, तर मात्र वही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

मदत कुठे मिळेल?

१ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही औषधे 'एच-१' या कडक यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि दुकानदाराला वेगळी नोंदवही ठेवावी लागते. यामुळेही कधीकधी जुन्या रुग्णाची गोळी अचानक तुटते. साठा संपण्याआधीच डॉक्टरांना भेटावे, हे बरे.

शहरात मानसोपचारतज्ज्ञ मिळतात. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, बंगळूरला निमहान्स आहे. पण म्हैसूर जिल्ह्यातील बेट्टदपुरासारख्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या गावात राहणाऱ्याने काय करावे? सह्याद्रीतल्या एखाद्या वाडीपुढेही हाच प्रश्न असतो. त्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक फिरवला की मराठी आणि कन्नडसह अनेक भाषांत, दिवसरात्र केव्हाही, सल्ला मिळतो. जवळ कुठे जायचे, हेही तेथे विचारता येते.

आज रात्री तो डबा नेहमीप्रमाणे उघडायला हरकत नाही. ठरलेली गोळीही घ्यावी. फक्त डॉक्टरांची भेट ठरवून, ती तारीख डब्याच्या झाकणावर लिहून ठेवावी.