भाड्याचा कागद : सहीच्या आधी वाचा

बारावीचे निकाल लागले की भोर-वेल्ह्याकडची मुले पुण्यात खोली शोधू लागतात. कात्रज, कोंढवा, जिथे परवडेल तिथे. खोली पसंत पडते, डिपॉझिट दिले जाते आणि एजंट पुढे करील त्या कागदावर वालिद सही करून मोकळे होतात. कागद कोणत्या प्रकारचा आहे, हे कुणी विचारत नाही.

बहुतेक वेळा तो ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असतो. यात घर वापरण्याची फक्त परवानगी मिळते, घरात हक्क मिळत नाही. मुदत संपली की बाहेर पडायचे. न पडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि पुढच्या दिवसांचे दुप्पट भाडे द्यावे लागते. जुन्या पद्धतीची भाडेकरारी वेगळी. भाडेनियंत्रण कायदा लागू असलेल्या ठिकाणी, नियमित भाडे भरणाऱ्या भाडेकरूला कायद्यात दिलेल्या कारणांखेरीज काढता येत नाही. म्हणून मालक आता असा करार सहसा करत नाहीत, यात नवल नाही.

“अकराच महिन्यांचा कागद आहे, नोंदणी कशाला?” असे सर्रास ऐकू येते. वर्षावरच्या मुदतीचे भाडेपट्टे नोंदवावेत, असे 1908 चा नोंदणी कायदा सांगतो. अकरा महिन्यांची पळवाट त्यातून निघाली. परंतु महाराष्ट्रात ती बंद झाली आहे. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार दोन्ही प्रकारचे करार लेखी व नोंदणीकृत हवेत, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. कागद नोंदवलेला नसेल, तर मालक उलट सिद्ध करीपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरतात. खर्चही जबर नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर वार्षिक 10 टक्के धरून मिळवायचे. शहरात नोंदणी फी 1000 रुपये. आठ हजारांच्या खोलीला अकरा महिन्यांचे शुल्क अडीचशेच्या आतबाहेर येते. एजंट हजारो मागत असेल तर हिशेब विचारा.

आपल्या वस्त्यांत आणखी एक प्रकार चालतो, हेवी डिपॉझिटचा. काही लाख एकरकमी द्या, भाडे नको. घर सोडताना रक्कम परत. ऐकायला सोयीचे वाटते. पण ती रक्कम म्हणजे मालकाला दिलेले कर्ज, आणि त्याच्या बदल्यात घराचा फुकट वापर. कर्जावर घेतलेला फायदा म्हणून अनेक उलेमा हा व्यवहार सुदात मोजतात. दुनियेचा धोकाही आहेच: मालकाने पैसे खर्चून टाकले, तर मुलीच्या लग्नासाठी साठवलेली पुंजी अडकते. थोडे डिपॉझिट आणि रास्त भाडे, हेच बरे. शंका असेल तर जाणत्या आलिमांना विचारावे.

गावाकडे मात्र प्रश्न घराचा नसून भातखाचराचा असतो. शहरात गेलेला भाऊ जमीन अर्धेलीने किंवा खंडाने कसायला देतो, तीही तोंडी. 1948 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले आणि 1 एप्रिल 1957 रोजी असंख्य कुळे जमिनीची मालक मानली गेली. भोर-वेल्ह्यात कितीतरी घरे त्यामुळे शेतकरी झाली, कितीतरी घरांत भाऊबंदकीही पेटली. आजही कूळ आहे की नाही, हा वाद तहसीलदारांपुढे जातो. तेव्हा जमीन देणाऱ्याने व घेणाऱ्याने दोघांनीही सातबाऱ्यावर पीकपाहणी कुणाच्या नावे लागते आणि ‘इतर हक्कां’त काय लिहिले आहे, ते दरवर्षी पाहावे.