लोकेच्छेच्या नावाने

१ मार्च १८८१ (जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे) रोजी पीटर्सबर्गमधील कालव्याकाठी झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या बग्गीखाली बाँब फुटला. झार वाचला. प्राणांतिक जखमी झाले ते सोबतचा कोसॅक स्वार आणि रस्त्याने जाणारा एक पोरगा. विचारपूस करण्यासाठी झार खाली उतरला आणि दुसऱ्या बाँबने त्याचा, तसाच तो टाकणाऱ्या ग्रिनेविट्स्कीचाही बळी घेतला.

हा वध घडविणाऱ्या संघटनेचे नाव ‘नारोद्नाया वोल्या’, म्हणजे लोकेच्छा. बहुतेक सभासद सुशिक्षित तरुण. अखेरीस कटाची सूत्रे हाती घेणारी सोफिया पेरोव्स्काया तर एका माजी गव्हर्नराची कन्या. त्यापूर्वी खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांना जागे करण्याचा प्रयत्न या पिढीने केला होता. तो फसला, काही ठिकाणी शेतकऱ्यांनीच या तरुणांना पोलिसांच्या हवाली केले. लोक उठत नाहीत, म्हणून लोकांच्या नावाने आपणच बाँब टाकावयाचा, हा तर्क त्या निराशेतून जन्मला. नोबेलने १८६७ मध्ये पेटंट घेतलेले डायनामाइट हाताशी होतेच. फेब्रुवारी १८८० मध्ये हिवाळी राजवाड्यात त्यांनी केलेल्या स्फोटात झारच्या केसालाही धक्का लागला नाही. मेले ते पहाऱ्यावरचे अकरा शिपाई.

तरीही या मंडळींना निव्वळ माथेफिरू ठरवून निकालात काढता येत नाही. त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांची हत्या झाली, तेव्हा याच संघटनेने तिचा जाहीर निषेध केला. जेथे लोकांना राज्यकर्ते मताने निवडता येतात तेथे राजकीय खून हीही जुलूमशाहीच, अशी तिची भूमिका होती. पुढच्या शतकातील वारसदारांना हा विवेक उरला नाही. १९७८ मध्ये आल्दो मोरो यांचे प्रेत रोममध्ये मोटारीत टाकून जाणाऱ्या ‘रेड ब्रिगेड्स’समोर झार नव्हता, निवडून आलेले सरकार होते.

झारच्या वधाने लोकेच्छेच्या पदरात काय पडले? निवडलेल्या प्रतिनिधींना सल्लामसलतीत घेण्याच्या योजनेला झारने त्याच सकाळी संमती दिली होती. मुलाने ती गुंडाळून ठेवली. ज्यू वस्त्यांवर दंगलींचा कहर कोसळला. ऑगस्टमध्ये तीन वर्षांपुरते म्हणून जारी झालेले आणीबाणीचे नियम १९१७ पर्यंत चालू राहिले!

ही बाँबविद्या आपल्याकडेही आली. सेनापती बापट आणि बंगालचे हेमचंद्र दास यांनी ती पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून मिळविली. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला बाँब पडला. नेम होता न्यायाधीश किंग्जफोर्डवर, मृत्यू आला दोन गोऱ्या स्त्रियांना. परतंत्र हिंदुस्थानाच्या हाती मतपेटी नव्हती, हा फरक येथे नजरेआड करून चालणार नाही. बाँबचे मूळ दडपशाहीत आहे असे ‘केसरी’त बजावणाऱ्या टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस जावे लागले. मुझफ्फरपूरनंतर दीड महिन्याच्या आत सरकारने घाईघाईने संमत केलेला स्फोटक पदार्थांचा कायदा मात्र स्वतंत्र भारतात आजही लागू आहे.