सहा फुटांच्या फळीवरची रेल्वे

आमच्या वस्तीच्या मागून रेल्वेचा मार्ग जातो. गाडी धडधडत गेली की मांडणीवरची भांडी वाजतात. आमची मुले डोळे मिटून सांगतात, ही लोकल, ही मालगाडी, ही एक्स्प्रेस. पण रूळ कशावर टेकलेले असतात, वळणावर गाडी कलंडत कशी नाही, एवढी खडी कशासाठी टाकतात, असे विचारले की सगळी गप्प! आणि खरे सांगायचे तर आम्हा मोठ्यांनाही ते कुठे ठाऊक होते?

गेल्या उन्हाळी सुट्टीत हे अज्ञान थोडे कमी झाले. त्याला कारण ठरली एक छोटी आगगाडी. आमच्या एका मित्राने आपल्या मोठ्या झालेल्या मुलाचा जुना संच विहारातील अभ्यासिकेला दिला. एक इंजिन, तीन डबे, लंबगोल रूळ आणि विजेचा कंट्रोलर. आम्ही विचार केला, ही गाडी मुलांच्या हाती तशीच दिली तर आठ दिवसांत तिचे तुकडे होतील. त्यापेक्षा तिच्यासाठी मुलांकडूनच एक गाव, एक स्टेशन, एक डोंगर तयार करून घेतला तर?

जगभर अनेक माणसे हा छंद जोपासतात. जर्मनीतील हँबुर्ग शहरात ब्राऊन नावाच्या जुळ्या भावांनी २००१ साली सुरू केलेल्या प्रदर्शनात छोट्या रुळांची लांबी कित्येक किलोमीटर भरते. आपल्या पुण्यात कोथरूडला श्री. भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. तिथे एक आख्खे शहर मांडले आहे. ही मोठी कामे. आमच्याजवळ होती मंडपवाल्याकडून आणलेली जुनी प्लायवूडची फळी, सहा फूट लांब आणि चार फूट रुंद. तिच्याखाली लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकली आणि कामाला लागलो.

आधी गणित, मग गाडी

आमच्या संचाचे माप ‘एचओ’. म्हणजे खऱ्या वस्तूचा ८७ वा भाग. खऱ्या एका फुटाचे इथे साडेतीन मिलिमीटर होतात. साडेपाच फुटांचा माणूस सव्वाएकोणीस मिलिमीटरचा, म्हणजे बोटाच्या एका पेराहूनही लहान! मुलांनी वहीत कोष्टक केले. दरवाजा केवढा, फलाट किती उंच, विजेचा खांब किती. गणिताच्या तासाला ज्यांना झोप येते, तीच पोरे ८७ ने भागाकार करू लागली.

खरा डबा सुमारे २१ मीटर लांब. त्याला ८७ ने भागले की २४ सेंटिमीटर. मग बारा डब्यांची लोकल? जवळजवळ तीन मीटर! आमची फळी दोन मीटरही नाही. म्हणजे गाडीचे तोंड तिच्याच शेपटीला लागायचे. मुले खूप हसली. म्हणूनच हे काम करणारे लोक गाडी तीन-चार डब्यांची ठेवतात आणि फलाटही तेवढाच आखूड करतात. डब्याचे माप मात्र मोडत नाहीत.

आणखी एक गंमत सातवीतल्या एका मुलीने शोधली. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधले अंतर १,६७६ मिलिमीटर. त्याचा ८७ वा भाग १९ मिलिमीटरांहून थोडा जास्त येतो. पण संचातल्या रुळांमधले अंतर तिने मोजले तर साडेसोळाच! चूक कोणाची? चूक कोणाचीच नाही. हे रूळ १,४३५ मिलिमीटरच्या युरोप-अमेरिकेतील गेजसाठी केलेले असतात. तयार रूळ वापरून आपली रेल्वे दाखवायची तर तीन मिलिमीटरची तडजोड करावी लागते. पण तडजोड आहे हे माहीत असणे वेगळे आणि माहीतच नसणे वेगळे, हे त्या मुलीने आम्हाला शिकवले.

दोन रूळ, दोन तारा

ही गाडी १२ व्होल्टच्या विजेवर चालते. एका रुळातून वीज येते, चाकांवाटे इंजिनाच्या मोटारीत जाते आणि दुसऱ्या रुळावाटे परतते. तारांची अदलाबदल केली की गाडी उलटी धावते. एकाने गंमत म्हणून लोखंडी चिमटा दोन्ही रुळांवर आडवा ठेवला, तशी गाडी जागीच थांबली. शॉर्टसर्किट म्हणजे काय, हे मग फळ्यावर समजावून सांगावे लागले नाही. त्याच वेळी आम्ही मुलांना बजावले, की इथे १२ व्होल्ट आहेत म्हणून हा खेळ चालतो. आपल्या वस्तीमागच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तिच्या जवळ काठीसुद्धा न्यायची नाही.

कंट्रोलरपासून दूरच्या वळणावर गाडी मंद व्हायची. रुळांच्या जोडांमध्ये वीज कमी पडत होती. वस्तीतल्या इलेक्ट्रिशियन तरुणाने मुलींना सोल्डरिंग शिकवले आणि फळीखालून त्या बाजूला वेगळ्या तारा जोडल्या. रुळांवर धूळ बसली तरी गाडी अडते. म्हणून रोज काम सुरू करताना कापसावर स्पिरिट घेऊन रूळ पुसायचे, हा नियम झाला.

घरातल्या वस्तूंचा डोंगर

बाजारात तयार झाडे, घरे, माणसे मिळतात, पण त्यांच्या किमती आपल्या घराला झेपणाऱ्या नाहीत. आम्ही ठरवले, पैसे टाकायचे ते फक्त रंग, गोंद आणि तारांवर. डोंगराला थर्मोकोलचे तुकडे रचले. त्यावर रद्दी वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीत भिजवून चिकटवल्या आणि वरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा हात दिला. सुताराकडचा भुसा चाळून हिरव्या-पिवळ्या रंगात बुडवून वाळवला, त्याचे गवत झाले. तारेला पीळ देऊन खोड, त्यावर स्पंजचे बारीक तुकडे, झाले झाड! माणसे एम-सीलची, आतून तांब्याच्या तारेचा सांगाडा. स्टेशनची पाटी पिवळी, अक्षरे काळी, नाव तीन भाषांत. आणि नाव आमच्या वस्तीचे!

एक गोष्ट लवकर ध्यानात आली. नवेकोरे चकचकीत दिसले की ते खेळणे वाटते. खऱ्या रेल्वेवर ऊन, पाऊस आणि धूळ यांचे थर असतात. म्हणून ब्रशवरचा रंग कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि डब्यांच्या कडांवरून हलकेच फिरवायचा. रुळांच्या बाजू गंजाच्या तांबूस रंगाने रंगवायच्या, वरचा भाग मात्र लखलखीत ठेवायचा, कारण तिथे चाके घासतात.

‘हे धोंडे कोणी टाकले?’

मुलांनी रुळांत खडी भरली. हरभऱ्याच्या डाळीएवढी, रंगवलेली, छान दिसत होती. त्या दिवशी एका मुलाला बोलवायला त्याचे आजोबा आले. चौतीस वर्षे गँगमनची नोकरी करून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. दारातूनच म्हणाले, “जयभीम, भाऊ. हे धोंडे कोणी टाकले रुळात?”

आम्ही म्हणालो, “काका, खडी आहे ती.”

“खडी? एवढ्या धोंड्यांवर रूळ ठेवला तर गाडी नाचंल की!”

नातवाने लगेच हिशेब केला. पाच मिलिमीटर गुणिले ८७, म्हणजे ४३ सेंटिमीटरचा दगड! काकांनी सांगितले, खरी खडी ६५ मिलिमीटरपर्यंतची असते आणि ती टोकदारच हवी. गोल गोट्यांची खडी चालत नाही. टोके एकमेकांत अडकतात म्हणून स्लीपर जागा सोडत नाही, गाडीचे वजन सगळीकडे वाटले जाते आणि पावसाचे पाणी निचरून जाते. पासष्टला ८७ ने भागले, पाऊण मिलिमीटर आले. जाड रव्याएवढे! सगळी खडी उपसून काढली. बांधकामावरची कच मैद्याच्या आणि रव्याच्या चाळणीतून दोनदा चाळून घेतली. ब्रशने रुळांत पसरली, त्यावर साबणाच्या पाण्याचा फवारा दिला आणि निम्मे पाणी मिसळलेला फेविकॉल ड्रॉपरने थेंब थेंब सोडला. सकाळी खडी दगडासारखी घट्ट बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून काका रोज येऊ लागले. वळणावर बाहेरचा रूळ थोडा उंच असतो, म्हणून त्याच्याखाली पुठ्ठ्याची पातळ पट्टी सरकवली गेली. फाटकाच्या अलीकडे ‘सी/फा’ ही पाटी उभी राहिली, म्हणजे ड्रायव्हरने इथे फाटकासाठी शिट्टी द्यायची. रूळ आणि स्लीपर यांना धरून ठेवणाऱ्या चाव्या पाहत कीमन रोज किती चालतो, हे काका सांगत होते आणि त्यांचा नातू तोंडाकडे पाहत होता. त्याने हे कधीच ऐकले नव्हते.

लाल झेंडा दाराबाहेर

आमच्या फळीवर ड्रायव्हर होता, स्टेशनमास्तर होता, प्रवासी होते, भाजीवाली मावशी होती. रुळावर काम करणारा एकही माणूस नव्हता. काकांनी तक्रार केली नाही. नातवानेच एम-सीलची सहा माणसे वळली आणि पहारी-फावडी देऊन वळणावर उभी केली.

काकांनी पाहिले आणि विचारले, “यांचा झेंडा कुठं आहे?”

मग त्यांनी नियम सांगितला. रूळ उघडून काम चालू असले की ब्रॉडगेजवर गाडी येण्याच्या दिशेला ६०० मीटरवर आडवा लाल झेंडा लावायचा आणि १,२०० मीटरवर रुळावर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन पटाखे बसवायचे. चाक वरून गेले की ते फुटतात आणि ड्रायव्हर सावध होतो. “एकदा धो धो पाऊस. ड्रायव्हरला झेंडा दिसलाच नाही. पटाखे वाजले म्हणून गाडी थांबली. आम्ही अकरा जण होतो रुळावर.” एवढेच बोलून ते थांबले.

नातवाने पेन्सिल घेतली. ६०० मीटर म्हणजे आपले सहा मीटर नव्वद. १,२०० मीटर म्हणजे तेरा मीटर ऐंशी. फळी तर सहा फुटांत संपते! मुलांनी टेप धरला आणि मोजत निघाली. झेंडा अभ्यासिकेचा उंबरा ओलांडून पायरीवर आला. पटाखे अंगणातल्या नळापाशी गेले. तिथे फरशीवर एका मुलीने तीन लाल टिकल्या चिकटवल्या. टिकल्या मापाने मोठ्या होत्या, पण काकांनी चालवून घेतल्या.

सुट्टी संपताना प्रदर्शन ठेवले. येणारा प्रत्येक जण नळापाशीच थांबायचा. टिकल्या कशाच्या? मग नातू उभा राहून सांगायचा. काकांच्या पत्नीही आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “चौतीस वर्षं डबा भरून दिला. माणूस कुठं उभा राहतो, ते आज दिसलं.”

जुनी आठवण, नवी वाट

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. अध्यक्षपदावरून बोलताना डॉ. बाबासाहेबांनी हेच दाखवून दिले होते की आपल्या माणसाला रेल्वेत गँगमनचेच काम मिळते. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागते, म्हणून शिवाशिवीमुळे त्याला पोर्टरही करत नाहीत. कारखान्यात तो मजूरच राहतो, मिस्त्री किंवा फिटर होत नाही. आज त्याच घरांतल्या मुली सोल्डरिंगची कांडी धरून रुळांना तारा जोडतात, हे पाहताना ती परिषद आठवल्याशिवाय राहिली नाही.

हा खेळ वेळ घालवणारा नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत विद्यार्थ्यांचा छोट्या रेल्वेचा क्लब १९४६ पासून होता. टेलिफोन खात्यातले जुने भाग जोडून टेबलाखाली सिग्नलची यंत्रणा उभी करणाऱ्या त्यातल्याच काही मुलांनी पुढे संगणकाच्या पहिल्या पिढीत नाव काढले.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्याकडे संच नसेल तर गाडीवाचून सुरुवात करा. एक वीतभर फळी घ्या. कागदाचे रूळ, चाळलेली कच, एक फाटक आणि एक झाड, एवढे पुरे. फक्त ८७ चा भागाकार चुकवू नका. आणि घरात, शेजारी, नात्यात रेल्वेत राबलेले कोणी असेल तर त्यांना मुलांजवळ आणून बसवा. त्यांना ठाऊक असलेले कितीतरी पुस्तकात सापडत नाही, आणि आजवर घरातल्या कोणी त्यांना ते विचारलेलेही नसते.

आमची फळी आता अभ्यासिकेच्या भिंतीला टेकून उभी असते. रविवारी ती खाली उतरते. आधी स्पिरिटने रूळ पुसायचे, मग काका पायरीवर झेंडा लावतात, आणि मगच गाडी सुटते.