डबल बेलमागची माणसे

बसमध्ये बसायला जागा मिळाली, की मुंबईकराच्या मनात पहिला विचार खिडकीचा येतो आणि दुसरा सुट्या पैशांचा. कंडक्टरची आठवण होते ती सुटे नसले म्हणजे, आणि ड्रायव्हरची आठवण होते ती त्याने करकचून ब्रेक लावला म्हणजे. एरवी ही दोन माणसे आपल्या लेखी गाडीचाच एक भाग असतात. जशी चाके, तशी ती!

पण दिवाळीच्या दिवसांत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे गिरगावातल्या चाळींतून उटण्याचा वास दरवळत असतो, पोरे फटाक्यांसाठी हटून बसलेली असतात, आणि त्याच वेळी आगारातून पहिली बस बाहेर पडलेली असते. ती चालविणाऱ्याचे अभ्यंगस्नान केव्हा झाले? बहुधा रात्री तीनला. नाही तर ड्यूटी संपल्यावर, दुपारी. त्याच्या बायकोने ओवाळणीचे तबक किती वेळ झाकून ठेवले असेल, ह्याचा हिशेब कोणत्याच वेळापत्रकात नसतो.

हा हिशेब मांडायचा म्हटला, तर सुरुवात घोड्यांपासून करावी लागते.

घोडा दमतो, हे कंपनीला ठाऊक होते

मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली ती ९ मे १८७४ रोजी, कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशा दोन मार्गांवर. कंपनीच्या तबेल्यात पुढे ९०० घोडे होते, असे सांगतात. इतके घोडे कशाला? कारण सरळ होते. भरलेला डबा ओढणारा घोडा दिवसाचे चार-पाच तासच नीट काम देतो. त्याहून अधिक जुंपला, तर तो लंगडतो, आजारी पडतो आणि कंपनीचे भांडवल बुडते. म्हणून जगभरच्या ट्राम कंपन्या एकेका डब्यामागे कितीतरी घोडे पाळीत आणि ते पाळीपाळीने जुंपीत. घोड्याचा थकवा हा जमाखर्चाच्या वहीतला आकडा होता.

विजेची ट्राम आली १९०७ च्या मे महिन्यात, आणि घोडे तबेल्यातून कायमचे सुटले. विजेला थकवा नाही. त्यामुळे थकण्याचे काम उरले ते गाडीवरच्या माणसांकडे. ट्रामचा ड्रायव्हर उभ्याने गाडी हाकी. एक हात हँडलवर, दुसरा ब्रेकवर, आणि पायाने घंटा. पावसाळ्यात रुळ निसरडे होत, आणि ट्रामला काही बाजूला वळून माणूस चुकविता येत नसे. वेळेवर घंटा आणि वेळेवर ब्रेक, एवढेच त्याच्या हाती. कंडक्टर डब्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गर्दीतून वाट काढी. आजोबांच्या आठवणीतली ट्राम मोठी गोड असते. पण ती आठवण बाकावर बसलेल्याची असते, हे विसरू नये.

१५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी कंपनी महापालिकेच्या ताब्यात आली, आणि तिथून ‘बेस्ट’ हा शहराच्या मालकीचा उपक्रम झाला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम गेली. ट्राम गेली तरी दादरच्या ‘टी. टी.’ने, म्हणजे ट्राम टर्मिनसने, आपले नाव काही सोडले नाही.

आठ तासांचे तेरा कसे होतात?

माणसाच्या थकव्याची दखल कायद्याने घेतली, ती घोड्यांच्या कितीतरी नंतर. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने ड्रायव्हरला दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ५४ तास ही मर्यादा घातली. सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरविली. पुढे १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. त्याने दिवसाचे तास ८ आणि आठवड्याचे ४८ केले. शंभर किंवा अधिक कामगार असतील तिथे उपाहारगृह, रात्री थांबावे लागते तिथे विश्रांतीची खोली, गणवेश, औषधपाणी, गाडीत प्रथमोपचाराची पेटी, आठवड्याची सुट्टी, ह्या सगळ्या गोष्टी त्यात आल्या. २०२० साली संसदेने कामगारांची सुरक्षितता व आरोग्य ह्यांविषयी जी एकत्रित संहिता संमत केली, तिच्यात हा कायदा सामावून घेण्यात आला.

आठ तास म्हणजे आपल्या ऑफिसइतकेच की, असे वाचकांना वाटेल. पण बसची गर्दी सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी रस्ते त्या मानाने मोकळे. तेव्हा पुष्कळ ड्यूट्या तोडून द्याव्या लागतात. सकाळी चार तास, मध्ये रिकामा वेळ, संध्याकाळी पुन्हा चार तास. १९६१ च्या कायद्याने हा सगळा पसारा बारा तासांच्या आत बसविला होता. परळ-लालबागच्या चाळीत राहणारा कामगार मधल्या वेळात घरी जाऊन दोन घास खाऊन येई. आज ज्याचे घर डोंबिवलीला किंवा विरारला आहे, तो कुठे जाणार? तो आगारातल्या बाकावर लवंडतो. जाण्यायेण्याचे तास मिळविले, की आठाचे तेरा-चौदा होतात, आणि पगार मात्र आठांचाच!

त्यात आणखी एक अडचण आहे, ती चारचौघांत बोलली जात नाही. शेवटच्या थांब्यावर स्वच्छ मुतारी नसली, तर माणूस काय करतो? तो पाणीच पीत नाही. मे महिन्याच्या उन्हात, इंजिनाच्या धगीशेजारी बसून आठ तास कमी पाणी पिणाऱ्याला मूतखड्याचा विकार जडला, तर त्यात नवल ते काय? कंडक्टर म्हणून स्त्रिया कामावर आल्या आणि २०२२ साली बेस्टच्या बसवर पहिली महिला ड्रायव्हरही बसली, तेव्हापासून हा प्रश्न आणखी निकडीचा झाला आहे. कर्मचाऱ्यांचे कल्याण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समारंभ आणि पुष्पगुच्छ येतात. पण कल्याणाची सुरुवात पुष्कळदा एका नळापासून आणि एका दरवाजापासून होते.

जिना चढणारा आणि बसून राहणारा

ह्या दोघांच्या प्रकृतीविषयी एक मोठी मजेदार हकीकत आहे. ती घडली लंडनमध्ये. पण आपल्या दुमजली बसमध्ये बसलेल्या कोणालाही ती चटकन पटेल.

डॉ. जेरी मॉरिस ह्या संशोधकाने दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या वाहतूक खात्यातील हजारो कामगारांची नोंद तपासली. दुमजली बसचा ड्रायव्हर आणि कंडक्टर. दोघेही एकाच वर्गातले, एकाच गाडीवरचे, एकाच धुरात वावरणारे. फरक एवढाच, की ड्रायव्हर कामाच्या वेळेपैकी जवळजवळ नव्वद टक्के वेळ बसून असे, आणि कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढे. १९५३ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. झालाच, तर उतारवयात होई, आणि पहिल्याच झटक्यात मरण येण्याचे प्रमाण ड्रायव्हरांपेक्षा पुष्कळच कमी होते.

लोकांनी शंका काढली: जात्याच स्थूल माणसे बसून करायचे काम पत्करीत असतील, तर? मॉरिस ह्यांनी चक्क गणवेशांची मापे मागविली! ड्रायव्हरांच्या विजारींचा कंबरेचा घेर कंडक्टरांहून मोठा निघाला, आणि तो तरुण ड्रायव्हरांतही मोठा निघाला. म्हणजे शंकेत तथ्य होते. पण चालत टपाल वाटणारे पोस्टमन आणि खुर्चीवर बसणारे टपालखात्यातले कारकून ह्यांची तुलना केली, तेव्हाही चालणाऱ्यांचेच हृदय सरस ठरले. हालचालीने हृदय शाबूत राहते, हे आज शाळेतल्या पोरालाही ठाऊक असलेले सत्य जगाला पहिल्यांदा सप्रमाण शिकविले, ते बसच्या जिन्याने.

पण म्हणून कंडक्टरचे सुखातच चालले आहे, असे नव्हे. दिवसभर उभ्याने पायांच्या शिरा फुगतात, धक्क्यांनी कंबर धरते, ओरडून घसा बसतो. आणि मुंबईतल्या जुन्या दुमजली गाड्याही २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त झाल्या. विजेवरच्या नव्या दुमजली आल्या, त्या थोड्याच. बिचाऱ्या ड्रायव्हरच्या वाट्याला मात्र सर्वत्र तेच: पाठ, डोळे आणि रक्तदाब. नियमित वैद्यकीय तपासणी, चष्म्याचा नंबर, पाठीला आधार देणारी बैठक आणि पुरती झोप, ह्या गोष्टी त्याच्यावरचे उपकार नव्हेत. त्याच्या मागे साठ-सत्तर माणसे बसलेली असतात. त्याची झोप हा त्यांचा विमा आहे.

खाकीतली बढती

ह्या नोकरीत माणूस वाढतो का? जुन्या पिढीला ह्याचे उत्तर होते. कंडक्टर म्हणून लागावे, काही वर्षांनी स्टार्टर व्हावे, परीक्षा देऊन इन्स्पेक्टर व्हावे, आणि निवृत्त होताना मुलगा इंजिनीयर झालेला पाहावा. पगार फार नव्हता. पण तो नेमाने येई, आणि त्याच्या भरवशावर मुलीचे लग्न ठरविता येई. गिरगाव, दादर, लालबागच्या कितीतरी घरांची चूल ह्या खाकी नोकरीवर पेटली.

नोकरीबाहेरचा माणूसही जगला. बेस्टच्या कला व क्रीडा मंडळाने नाटके आणि कबड्डी ह्यांचा नाद जोपासला. सकाळी तिकिटे फाडणारा हात संध्याकाळी तोंडाला रंग लावी. ह्या मातीतून एक नट तर साऱ्या देशाला ठाऊक झाला. बद्रुद्दीन काझी हा तरुण बेस्टमध्ये महिना २६ रुपयांवर कंडक्टर होता आणि नकला करून प्रवाशांना हसवी. बलराज साहनींनी त्याला हेरला, गुरुदत्तांकडे पाठविला, आणि १९५१ च्या ‘बाजी’पासून तो पडद्यावर आला. पुढे त्याला सारे जग ‘जॉनी वॉकर’ म्हणून ओळखू लागले.

एका गाडीत दोन मालक

गेल्या काही वर्षांत मात्र ही शिडी डळमळली आहे. बेस्टचा वाहतूक विभाग तोट्यात. म्हणून २०१९ पासून कंत्राटदारांच्या बसगाड्या भाड्याने घेण्याचे प्रमाण वाढत गेले, आणि उपक्रमाच्या स्वतःच्या गाड्या घटत गेल्या. गाडीवरचा शिक्का बेस्टचा, पण ड्रायव्हर कंत्राटदाराचा आणि कंडक्टर कित्येकदा उपक्रमाचा. एकाच दोरीने डबल बेल व्हायची, पण दोघांचे पगार वेगळे, रजा वेगळ्या, म्हातारपण वेगळे!

२०१९ च्या जानेवारीत बेस्टच्या सुमारे ३२ हजार कर्मचाऱ्यांचा संप नऊ दिवस चालला. अखेर प्रकरण उच्च न्यायालयाच्या मध्यस्थीने मिटले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कंत्राटी ड्रायव्हरांनी पगारवाढीसाठी काम थांबविले. आणि ह्या दोहोंच्या मध्ये करोनाची साथ येऊन गेली. २०२० च्या टाळेबंदीत जूनच्या मध्यापर्यंत लोकल बंद होत्या. इस्पितळांतील परिचारिका, डॉक्टर, सफाई कामगार ह्यांना कामावर पोचविले ते बेस्टच्या बसने. त्या दिवसांत बेस्टची किती तरी माणसे दगावली. त्यांच्या नावाने कोणी टाळ्या वाजविल्याचे ऐकिवात नाही.

९ डिसेंबर १९७४ नव्हे, अगदी परवाची, ९ डिसेंबर २०२४ ची रात्र मुंबई विसरणार नाही. कुर्ल्यात विजेवरची भाड्याची बस गर्दीत घुसली; सातांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर साऱ्या शहरात प्रश्न उभा राहिला तो शिक्षणाचा. विजेच्या बसला क्लच नाही, गिअर नाही, इंजिनाचा आवाजही नाही. तिची मोटर पहिल्या क्षणालाच पूर्ण जोर लावते. वर्षानुवर्षे डिझेलच्या गाडीवर मुरलेल्या पायाला ही नवी सवय लागायला दिवस लागतात. शिकविण्याचे दिवस वाचविले, तर पैसे वाचतात; पण ते कोणाच्या जिवावर, हे कुर्ल्याने दाखवून दिले. दोष एका ड्रायव्हरच्या माथी मारून मोकळे होणे सोपे असते. त्याला किती शिकविले, कोणी तपासले, किती तास जुंपले, हे प्रश्न अवघड. आणि खरी सुरक्षितता ह्या अवघड प्रश्नांतच असते.

आपल्या हाती काय?

मोठे निर्णय महापालिका आणि सरकार घेतील. ९ मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. त्या वाढीव रुपयांतले किती मुतारीवर, किती शिक्षणावर आणि किती विश्रांतिगृहावर खर्च होतात, हे विचारण्याचा अधिकार भाडे देणाऱ्याला आहे. आपल्या वॉर्डातला उमेदवार मते मागायला आला, म्हणजे रस्ते आणि पाणी ह्यांबरोबर हेही विचारावे.

आणि काही गोष्टी तर घरच्या घरी होण्याजोग्या आहेत. सुटे पैसे खिशात ठेवून निघावे. चालत्या गाडीत चढू नये, मुलांना चढू देऊ नये. ड्रायव्हरशी हुज्जत घालू नये. त्याचे डोळे रस्त्याला हवे आहेत. कंडक्टर ‘पुढे चला, पुढे चला’ म्हणतो, ते मागच्यालाही घरी जायचे आहे म्हणून. ‘ए कंडक्टर’ ऐवजी ‘कंडक्टरसाहेब’ म्हटल्याने आपले काही जात नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरपासून गिरगावाच्या पोटातून भुयारी मेट्रो धावू लागली आहे. ती यायलाच हवी होती. पण ठाकुरद्वारच्या आजीबाई गुडघे धरून थांब्यावर उभ्या राहतात, तेव्हा त्यांना हवी असते ती दाराशी येणारी बस, आणि हात देऊन वर घेणारा कंडक्टर. घोडा चार-पाच तासांत दमतो, हे दीडशे वर्षांपूर्वीच्या कंपनीला कळले होते. माणूस कधी दमतो, हे आपल्यालाही कळायला हरकत नाही.