कॅमेऱ्याची पिशवी कशी असावी?



लग्नसराई सुरू झाली की रावेर, सावदा, निंभोरा या बाजूच्या मांडवांतून एक माणूस हमखास दिसतो. तो ना वरपक्षाचा, ना वधूपक्षाचा. हळदीपासून पाठवणीपर्यंत तो उभाच असतो, आणि जेवायला मात्र सगळ्यांच्या शेवटी बसतो. हा म्हणजे आपला फोटोग्राफर. आज त्याच्याविषयी, आणि शाळेच्या सहलीला कॅमेरा घेऊन निघणाऱ्या गुरुजी-बाईंविषयी दोन शब्द सांगायचे आहेत. खरे म्हणजे त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीविषयी.

पिशवीत काय एवढे बोलण्यासारखे, असे कोणी म्हणेल. तर एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. मंगलाष्टके चालू आहेत, अंतरपाट धरलेला आहे, आणि सगळ्या मांडवाची नजर नवरा-नवरीकडे लागली आहे. फोटोग्राफरचा डोळा कॅमेऱ्याला, आणि त्याची पिशवी मागे कुठेतरी खुर्चीवर. भटजी 'सावधान' म्हणतात खरे. पण त्या घटकेला मांडवात खरा सावध असा एकच माणूस असतो, ज्याला ती पिशवी हवी आहे तो!

पिशवी गेली म्हणजे काय काय गेले? भिंगे गेली, फ्लॅश गेला. कॅमेरा आणि भिंगे मिळून किंमत सहज लाखाच्या घरात जाते, आणि पुष्कळदा ती हप्त्यांवर घेतलेली असते. वस्तू गेली तरी हप्ता काही जात नाही. त्याहून मोठे नुकसान म्हणजे आदल्या दिवशीच्या हळदीचे फोटो ज्या कार्डावर आहेत ते कार्ड. भिंग पुन्हा विकत घेता येते. हळद पुन्हा लावता येत नाही. म्हणून या पिशवीत एका घराची भाकरी आणि दुसऱ्या घराची आठवण अशा दोन गोष्टी असतात, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे.

पूर्वी ही काळजी निराळी होती. मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला केल्या, आणि पुढे तिथले फोटोही घेतले. ते १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर आपल्या भुसावळला आहे. त्या काळी फोटो काचेवर घेत. काचा, रसायनाच्या बाटल्या, तिकाटणे आणि अंधारासाठी तंबू, एवढा पसारा बरोबर लागे. चोराला तो न्यायचा तर बैलगाडीच आणावी लागली असती! चाळीसगावचे केकी मूस (१९१२ ते १९८९) यांची तर तऱ्हाच वेगळी. टेबलावर मांडणी करून त्यांनी घरातच अप्रतिम फोटो काढले, आणि कितीतरी वर्षे घराचा उंबरा क्वचितच ओलांडला. आपल्याला तसे करून भागत नाही. आपला कॅमेरा गावोगाव फिरतो, आणि तो आता इतका लहान झाला आहे की काखोटीला मारून कोणीही चालू लागेल.

मग पिशवी निवडावी कशी? पहिला नियम असा, की पिशवीने आपल्या पोटातले गुपित सांगू नये. पुष्कळजण नवा कॅमेरा घेताना त्याच कंपनीची काळी, चौकोनी, मोठ्या अक्षरांत नाव लिहिलेली बॅग घेतात. ती बॅग स्टँडवर उतरल्याबरोबर चार जण विचारतात, "काय भाऊ, केवढ्याचा घेतला?" विचारणारे तीन भले असतील, पण चौथ्याचे काय? त्यापेक्षा विद्यार्थ्याच्या दप्तरासारखी, तपकिरी किंवा खाकी, जाड कॅनव्हासची साधी पिशवी बरी. कॅमेऱ्याच्या गळपट्ट्यावरही कंपनीचे नाव असते. तो पट्टा बदलून साधा लावावा. पिशवीत डबा आहे, वह्या आहेत की कॅमेरा, हे पाहणाऱ्याला कळता कामा नये.

दुसरा नियम तोंडाचा. पाठीवरच्या ज्या पिशवीचे तोंड बाहेरच्या अंगाला उघडते, ती गर्दीत मागून उघडता येते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. जिचे तोंड आपल्या पाठीच्या बाजूला उघडते, ती अंगावर असेतो कोणी उघडू शकत नाही. अशी मिळाली तर उत्तमच. नाहीतर चेनची दोन्ही टोके एका लहान कडीने किंवा मजबूत सेफ्टी पिनेने एकत्र अडकवावीत. लहान कुलूप लावले तरी चालेल. पण कुलूप चोराला थांबवत नाही, त्याला उशीर करते, एवढेच समजावे. त्या उशिरातच आपल्याला चाहूल लागते.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. पिशवी अंगावरून उतरू नये. आणि ती अंगावर राहायची तर हलकी हवी. कॅमेरा, दोन भिंगे, फ्लॅश, बॅटऱ्या आणि चार्जर मिळून तीन-चार किलो सहज होतात. पिशवीचेच वजन दीड-दोन किलो असले की फोटोग्राफर तासाभरात कंटाळतो आणि ती जानोशाच्या खोलीत टाकून येतो. मग तिची मजबुती काय कामाची? म्हणून भरलेली पिशवी दुकानातच पाठीवर घेऊन थोडे फिरावे, वाकावे, खाली बसून उठावे. फोटो काढताना तिरपी अडकवून कुशीला बसणारी लहान पिशवी अधिक सोयीची. त्या वेळी लागेल तेवढेच तिच्यात ठेवावे, आणि बाकीचे सामान यजमानांच्या कपाटात कुलपाखाली, घरच्या एका जबाबदार माणसाला सांगून ठेवावे.

महाग पिशवीच हवी असे नाही. साध्या पिशवीत बसेल असा आतला मऊ खण निराळा मिळतो; तो गावच्या शिंप्याकडूनही शिवून घेता येतो. बोटभर जाडीचा, दाबल्यावर पुन्हा वर येणारा फोम घ्यावा, त्यावर मऊ कापड लावावे, आणि भिंगे एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये आडव्या पट्ट्या द्याव्यात. तळाला दुप्पट जाडी ठेवावी, कारण पिशवी टेकवताना दणका तिथेच बसतो. पट्टा जिथे शिवला आहे तिथे दुहेरी टाके आहेत ना, हे ओढून पाहावे.

आपल्या हवेचाही विचार हवा. वैशाखात रावेरच्या उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत कॅमेरा ठेवू नये. उष्णतेने बॅटरी खराब होते, आणि चोराचेही आयतेच फावते. पावसाळ्यात वरून घालायला एक प्लॅस्टिकचे आवरण जवळ असावे. मात्र ओलसर पिशवी तशीच बंद करून ठेवली तर भिंगाला बुरशी धरते. ती वाळवावी, आणि आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात.

आता प्रवासाचे. एस.टी.त पिशवी वरच्या फळीवर टाकू नये, मांडीवर घ्यावी. रेल्वेत झोपायचे असेल तर ती उशाशी घेऊन पट्टा दंडात अडकवावा. मोठी बॅग खालच्या बाकाखाली असणाऱ्या कडीला साखळी-कुलपाने बांधावी. रावेरहून बऱ्हाणपूरकडे जाणारी गाडी थोड्याच वेळात राज्याची हद्द ओलांडते. चोरी कुठल्या हद्दीत झाली, या विचारात वेळ दवडू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, दखलपात्र गुन्हा कुठेही घडला तरी त्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, आणि नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. चालत्या गाडीत मदतीसाठी रेल्वेचा १३९ हा क्रमांक आहे. खबर देताना कॅमेऱ्याचा व प्रत्येक भिंगाचा अनुक्रमांक लागतो. तो आजच वहीत लिहून ठेवावा आणि बिलाची प्रत घरी ठेवावी.

गुरुजींना एक विशेष सूचना. सहल पालला जावो की अजिंठ्याला, लागणार नाही ते सामान नेऊच नये. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांना अपाय होऊ नये म्हणून फ्लॅशला बंदी आहे; मग फ्लॅशचे ओझे कशाला? आणि पिशवी कुठल्या मुलाच्या हाती सोपवू नये. ती हरवली तर त्या पोराच्या जिवाला लागलेला घोर कोणत्याही भिंगाने भरून निघणार नाही.

भरलेले कार्ड मात्र या पिशवीत ठेवूच नये. ते लहान डबीत घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवावे, आणि त्याच रात्री त्याची दुसरी प्रत करून मग झोपावे.

शेवटी एकच. पिशवी झाकलेली असावी ती चोरापासून. ज्यांचे फोटो काढायचे त्यांच्यापासून नव्हे. त्यांच्यासमोर ती उघडावी, कॅमेरा दाखवावा, विचारावे आणि मगच फोटो काढावा. पिशवी गुप्त असली तरी आपले काम उघड असावे.